श्रावणातलं पोलंड: आई, मी आणि ‘पोलिश कॅम्प’

निघण्याआधी

पोलंडला जायचं ठरलं आणि ज्याला त्याला काळजी वाटायला लागली. इंग्लंडमधल्या स्लाऊला राहणारा मावसभाऊ फोनवर म्हणाला, “ताई, तिथं बघण्यासारखं काय आहे? इथं आमच्याकडे रंगारी, गवंडी, प्लंबर सगळे तेच.” सोसायटीतल्या एका काकांनी सांगितलं की तिथं गोऱ्या नसलेल्यांना रस्त्यात शिव्या देतात. कुणी म्हणालं लोक फार पितात, तर कुणी म्हणालं हसत नाहीत, तुसडे असतात. यातलं कुणीही पोलंडला गेलेलं नव्हतं.

मावसभावाचा राग नाही आला. त्याने जे पाहिलं तेच तो बोलत होता. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आलं आणि त्याच वर्षी ब्रिटनने त्यांना कामाची दारं उघडली. लाखो पोलिश तरुण तिकडे गेले आणि हातांनी करायची कामं करू लागले. शेजारच्यांनी त्यांच्याविषयी जे मत बनवलं, तेच आपल्या माणसांनीही उचललं. फ्रान्समध्ये २००५ साली ‘पोलिश प्लंबर’ हा युरोपीय राज्यघटनेवरच्या सार्वमताच्या भाषणांतला बागुलबुवा झाला होता. तेव्हा पोलंडच्या पर्यटन खात्याने एका देखण्या प्लंबरचं पोस्टर काढलं आणि त्याच्या तोंडी मजकूर घातला की मी पोलंडमध्येच राहतोय, तुम्हीच इकडे या. जर्मनीत पोलिश माणूस म्हणजे गाडीचोर, अमेरिकेत पोलिश माणूस म्हणजे मूर्ख, असे विनोद वर्षानुवर्षं चालले. ज्यांच्या ३०३ क्रमांकाच्या तुकडीने १९४० मध्ये लंडनच्या आकाशात जर्मन विमानं पाडली, त्यांच्याच नावाने २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर त्याच देशात “परत जा” अशा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या.

आईचं म्हणणं सरळ होतं. “आण्णांनी त्या माणसांच्या कॅम्पात दूध घातलं. वाईट असती तर आण्णा बोलले नसते होय?”

आण्णा म्हणजे माझे आजोबा. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ती माणसं हिंदुस्थानात पोचली. गुजरातेतल्या नवानगर संस्थानचे महाराजा जामसाहेब यांनी बालाचडीला मुलांना ठेवून घेतलं आणि मोठी वसाहत आमच्याकडे वळिवड्याला झाली. आण्णा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते, सायकलला किटल्या अडकवून कॅम्पात दूध घालायचे. आमच्या घरात ‘पोलिश कॅम्प’ हा शब्द तेव्हापासूनचा. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथं आली आणि त्या जागेचं गांधीनगर झालं, तरी आई अजून कधी कधी कॅम्पच म्हणते.

दिवस पहिला, ३० जुलै: वॉर्सा

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारले, शिक्का मारला, पासपोर्ट परत दिला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आई म्हणाली, “चिडलाय का गं तो?” तो चिडलेला नव्हता, हे कळायला मला दोन दिवस लागले. अनोळखी माणसाकडे बघून हसायची तिथं रीतच नाही. आमच्या वळिवड्यातसुद्धा नवखा माणूस दिसला की म्हातारी माणसं आधी टक लावून बघतात, मग विचारतात, “कुठलं म्हणायचं?” तसंच वाटलं.

स्टेशनातून वर येताना सरकता जिना बंद होता. मी दोन बॅगा घेऊन खाली उभी, आई गुडघे धरून. मागून एक पन्नाशीचा माणूस आला, काही न बोलता मोठी बॅग उचलली, वर ठेवली आणि मागे न बघता निघून गेला. “थँक यू” म्हणायला तोंड उघडेपर्यंत तो पार झेब्रा क्रॉसिंगला पोचला होता.

मुक्काम ओखोटा भागात, एका सत्तरीच्या बाईंच्या घरातल्या खोलीत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला पोलिश येत नव्हतं. मध्ये माझा फोन होता. तो भाषांतर करून सांगत होता, “बाई चहा घेतील का?” मला वाटलं फोन चुकतोय. नंतर कळलं की ते लोक असंच बोलतात. मोठ्या माणसाला ‘तू’ नाहीच, ‘तुम्ही’ही नाही. पुरुषाला ‘पान’, बाईला ‘पानी’, आणि क्रियापद तृतीय पुरुषी. आमच्याकडे “आबासाहेबांनी चहा घ्यावा” म्हणतात, अगदी तसं. हे ऐकल्यावर आई एकदम सैल झाली. त्या बाईंना ती पहिल्या दिवसापासून “पानीबाई” म्हणू लागली, तेव्हा मीही इथं तेच लिहिते.

दोन शब्द पाठ करून जा: भेटल्यावर ‘जेन दोब्री’, आभाराला ‘जेंकुये’. दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही आत शिरताना ‘जेन दोब्री’ म्हणायचं असतं. न म्हणता शिरलं तर ते उद्धट समजतात, आणि आपण त्यांना तुसडे समजून घरी येतो.

दिवस दुसरा, ३१ जुलै: कोल्हापूरची पाटी

सकाळीच चूक झाली. ट्रामचं तिकीट काढलं, पण आतल्या पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारायचा असतो हे माहीत नव्हतं. तीन थांब्यांनंतर साध्या कपड्यांतला तपासनीस आला. तिकीट दाखवलं, त्याने मान हलवली. आईचा हात माझ्या दंडावर घट्ट. कॉलेजातल्या एका मुलीने इंग्रजीत समजावलं की शिक्का नसेल तर ते तिकीट नसल्यासारखंच. तपासनीसाने दंड घेतला, पावती दिली, ओरडला नाही. उतरताना पायरी उंच होती, तर आईला स्वतःचा हात पुढे केला. मला तिथं पहिल्यांदा हायसं वाटलं. नियम सगळ्यांना सारखा होता आणि चूक माझी होती.

तेव्हा कागदी तिकीट घेतलंत तर आत चढल्याबरोबर यंत्रात घाला. फोनवरच्या ॲपमधून काढलंत तर तेही चढल्यावर चालू करावं लागतं. एका झ्वोतीचे आम्हाला तेवीस-चोवीस रुपये पडले.

मग मोन्ते कासिनोच्या स्मारकाजवळ गेलो. इटलीतल्या त्या टेकडीवर मे १९४४ मध्ये पोलिश सैन्य लढलं. त्या स्मारकाच्या परिसरातच वळिवडे-कोल्हापूर वसाहतीची आठवण म्हणून कृतज्ञतेचं छोटं स्मारक उभारलेलं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं गेले तेव्हा आम्ही ते टीव्हीवर बघितलं होतं, खरं तर या प्रवासाचं बी तेव्हाच पडलं. टीव्हीवर बघणं वेगळं. परक्या अक्षरांच्या गर्दीत ‘कोल्हापूर’ हे नाव डोळ्यांसमोर आलं आणि आईने त्यावरून बोट फिरवलं, शाळेतल्या मुलीसारखं, एकेक अक्षर. कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून घेतलेली डेझीची जुडी तिने खाली ठेवली.

एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, थांबली. फोनवरून विचारलं, तुम्ही कुठल्या? आई म्हणाली, “कोल्हापूर,” आणि पाटीकडे हात केला. त्या बाईने पाटी वाचली. रोज इथून जाते, पण हे कधी वाचलं नव्हतं, म्हणाली. पुन्हा एकदा वाचली, मग आईशी हस्तांदोलन केलं. मला हे सांगायलाच हवं, कारण तिकडे सगळ्यांना आपलं कोल्हापूर माहीत आहे असा समज करून जाऊ नका. बहुतेकांना माहीत नसतं. आपल्याकडे तरी वळिवड्याचं किती जणांना ठाऊक आहे? ओखोट्यात जामसाहेबांच्या नावाचा ‘दयाळू महाराजा’ चौक आहे. तो मात्र पानीबाईंना चांगला माहीत होता.

दुपारी ‘बार म्लेच्नी’. शब्दशः दूध-बार, म्हणजे साम्यवादी राजवटीच्या काळात फोफावलेली स्वस्त खाणावळ. गल्ल्यावर पैसे द्यायचे, चिठ्ठी घेऊन खिडकीशी जायचं, जेवण झालं की ताट आपण परत ठेवायचं. आईचा श्रावण चालू होता, आणि मला सगळ्यात मोठी काळजी हीच होती की तिथं सगळं मांसाचंच. बटाटे आले. नवे, छोटे, सालासकट उकडलेले, वर लोणी, आणि बाजूला पेल्यात घट्ट विरजलेलं दूध. बटाट्यांवर हिरवं काहीतरी बारीक चिरून पेरलेलं. आईने एक काडी उचलली, बोटांत चुरडली, वास घेतला.

“अगं, हा तर शेपू!”

शेपूच तो. पोलंडमध्ये बटाट्यावर, काकडीत, सुपात, सगळ्यावर शेपू असतो. त्याला ‘कोपेरेक’ म्हणतात. आईने ते विरजलेलं दूध बटाट्यांवर ओतलं, मीठ घातलं आणि हाताने कालवून खाल्लं. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी बघितलं, आणि आपल्या बटाट्यांवर तेच केलं, चमच्याने.

शाकाहाऱ्यांनी ‘बेझ म्येंसा’ म्हणजे ‘मांसाशिवाय’ हे शब्द लिहूनच ठेवावेत. बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेले ‘पिएरोगी रुस्किये’ मिळतात, आपल्या करंजीला उकडावं तसे. पण त्यावर कधी कधी डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात, तेव्हा ‘बेस स्क्फारेक’ असं आधीच सांगा. सूप मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. बीटाचं असलं तरी त्याचं पाणी मांसाचं असू शकतं.

रात्री पानीबाईंनी ब्लूबेरीसारखं जांभळं फळ भरलेले पाव आणले, जुलैत तिथं त्यांचाच हंगाम असतो. बोलता बोलता कळलं, त्यांचा मुलगा दहा वर्षं लीड्सला गोदामात होता. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला. तिथं त्याला कुणी नावाने हाक मारत नसे, ‘द पोल’, म्हणजे ‘तो पोलंडवाला’, म्हणत. नातवाला शाळेत “तुझा बाप आमची कामं घेतो” असं ऐकवलं तेव्हा परत आला. मी मावसभावाचं वाक्य आठवून गप्प बसले. तोही तिथं परकाच, त्याच्या मुलालाही कुणी काही म्हणत असणार.

दिवस तिसरा, १ ऑगस्ट: पाच वाजता

सकाळी निघताना पानीबाईंनी फोनमध्ये सावकाश बोलून सांगितलं, “पाच वाजता भोंगे वाजतील. घाबरू नका. उभ्या राहा.”

दिवसभर जुन्या शहरात फिरलो. रंगीत घरं, दगडी चौक. आई म्हणाली, किती जुनं असेल! ते जुनं नाही. १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्साच्या लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला, ६३ दिवस लढले, दीड ते दोन लाख नागरिक मारले गेले आणि नंतर जर्मनांनी शहर ठरवून, घर न् घर उडवून पाडलं. युद्धानंतर लोकांनी ते पुन्हा बांधलं. कुठल्या खिडकीची चौकट कशी होती हे पाहायला अठराव्या शतकातल्या बेलोत्तोच्या चित्रांचाही आधार घेतला. १९८० मध्ये युनेस्कोने या पुन्हा बांधलेल्या शहराला जागतिक वारशात घेतलं.

पाचला दोन मिनिटं कमी असताना आम्ही एका रुंद रस्त्यावर होतो. आईस्क्रीम खाणारी पोरं, सायकली, बस, सगळं नेहमीसारखं. भोंगा सुरू झाला आणि शहर थांबलं. बसचालक दार उघडून खाली उतरला आणि उभा राहिला. सायकलवरच्या मुलीने एक पाय जमिनीवर टेकवला. आईस्क्रीम हातावर वितळत होतं तरी एका पोराने ते चाटलं नाही. मिनिटभर फक्त भोंगे. मग बसचालक चढला, सायकल सुटली आणि पुन्हा बोलणी सुरू झाली.

आईने पदर डोक्यावर घेतला होता, आपोआप.

संध्याकाळी रस्तोरस्ती भिंतींवरच्या पाट्यांखाली काचेचे लाल दिवे दिसले. जिथं माणसं गोळ्या घालून मारली तिथं तिथं पाटी आहे आणि प्रत्येक पाटीखाली दिवा. ‘झ्निच’ म्हणतात त्याला. उंच काचेचा ग्लास, आत मेणबत्ती, वर भोकांचं पत्र्याचं झाकण, म्हणजे वाऱ्यापावसात विझू नये. किराणा दुकानातही मिळतात. ज्यांना मी तुसडे समजायला निघाले होते, ते ऑफिस सुटल्यावर पिशवीतून दिवा काढून, वाकून, लावून घरी जात होते.

दिवस चौथा आणि पाचवा: क्राकुफ

रेल्वेने अडीच तास. एकच सावधगिरी: तिकिटावर आणि फलकावर ‘पेरॉन’ आणि ‘तोर’ असे दोन आकडे असतात. पेरॉन म्हणजे फलाट, तोर म्हणजे रूळ. आपण तोरचा आकडा फलाट समजून धावतो आणि गाडी चुकते. आमची थोडक्यात वाचली.

क्राकुफला पाऊस. मारियात्स्की चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि मध्येच तुटते. शत्रूची चाहूल देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण लागला आणि सूर अर्धा राहिला, अशी दंतकथा. आईने ती तुतारी तीनदा ऐकली. व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीला आम्ही गेलो नाही, पायऱ्या आठशेच्या आसपास आहेत आणि आईच्या गुडघ्यांना ते झेपलं नसतं. ३ ऑगस्टला रविवार होता. बहुतेक रविवारी मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात, म्हणून शनिवारीच दूध-फळं आणून ठेवा.

तिथं साताऱ्याकडचा एक मुलगा भेटला, ओळखीतून, आयटीत नोकरी करणारा. त्याला मी सरळ विचारलं, त्रास होतो का? तो म्हणाला, “ताई, तीन वर्षांत दोनदा शिव्या ऐकल्या, दोन्ही वेळा रात्री, पिलेल्या पोरांकडून. ऑफिसात कधीच नाही. पण सायकलवरून जेवण पोचवणाऱ्या आपल्या पोरांना विचाराल तर आकडा मोठा येईल.” आठ दिवस आईबरोबर फिरणाऱ्या बाईला दिसतं त्यावरून तिथं राबणाऱ्या पोराचं आयुष्य सांगू नये, म्हणून त्याचं बोलणं जसंच्या तसं दिलं. तो हेही म्हणाला की २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनहून माणसांचे लोंढे आले तेव्हा त्याच्या घरमालकाने हॉल मोकळा करून एका मायलेकींना चार महिने ठेवलं. युक्रेनमधून निघालेले आपले बरेच विद्यार्थीही तेव्हा पोलंडमार्गे, झेशुफवरून, विमानाने घरी आले.

दिवस सहावा, ४ ऑगस्ट: आउशवित्झ

आई म्हणाली, बघायचं. बसने दीड-पावणेदोन तास, गावाचं नाव ओश्फ्येंचिम.

आतलं फार लिहायला मला जमणार नाही. अकरा लाख माणसं इथं मारली गेली, त्यातले जवळजवळ दहा लाख ज्यू. काचेमागच्या बॅगांच्या ढिगात कितीतरी बॅगांवर रंगाने नाव-गाव लिहिलेलं, परत मिळावी म्हणून.

आमच्या गटातल्या एका पर्यटकाने प्रश्न विचारताना ‘पोलिश कॅम्प’ असा शब्द वापरला. गाइड मुलगी थांबली. आवाज न चढवता म्हणाली, “हे जर्मन नाझी कॅम्प होतं. पोलंड तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. १४ जून १९४० ला इथं आलेले पहिले ७२८ राजकीय कैदी पोलिश होते.” युनेस्कोनेही २००७ मध्ये या जागेच्या अधिकृत नावात ‘जर्मन नाझी’ हे शब्द घातले, पोलंडने मागणी केल्यावर. त्यांच्यासाठी हा शब्दांचा कीस नाही. परक्यांच्या तोंडून तो एक शब्द आला की मारलेल्यांचं नाव मारणाऱ्यांच्या जागी लागतं.

आईने माझा हात ओढला. तिला इंग्रजी थोडं कळतं, शब्द कळला होता. “आपण पण पोलिश कॅम्प म्हणतो गं.”

मी परतीच्या बसमध्ये गाइडला सांगायला हवं होतं असं मनात घोळवत राहिले. आमच्याकडेही ‘पोलिश कॅम्प’ होता, तिथं शाळा होती, चर्च होतं, नाटकं होत होती, मुलं पंचगंगेच्या काठाने हिंडत होती आणि माझे आजोबा त्यांना दूध घालत होते. सांगायचं राहून गेलं.

जाणाऱ्यांसाठी: प्रवेश फुकट असला तरी वेळेचा पास संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधी काढावा लागतो, उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे आधी. ओळखपत्र बरोबर ठेवा, मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. चौदा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं तेच सांगतात. पाणी पिऊन आणि काही खाऊन जा, नंतर खावंसं वाटत नाही.

दिवस सातवा आणि घरी

परत वॉर्साला, विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं. आईने ओश्फ्येंचिमची गोष्ट आणि आण्णांची गोष्ट फोनमधून पानीबाईंना सांगितली, मराठीतून, मोठ्या आवाजात, फोन बहिरा असल्यासारखी. वळिवड्यात जी पोलिश माणसं वारली त्यांची दफनभूमी कोल्हापुरात आहे, हे ऐकून पानीबाई उठल्या. स्वयंपाकघरातल्या फळीवरून एक लाल झ्निच काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि आईच्या हातात दिला. फोनने भाषांतर केलं, “पानी हे तिथं लावतील का?”

आईने तो आपल्या इरकली साडीच्या घडीत ठेवला. मुंबईला बॅग उघडेपर्यंत माझ्या जिवाला घोर. काच शाबूत होती.

१० ऑगस्टला रविवारी सकाळी दफनभूमीत गेलो. पाऊस भुरभुरत होता. कुठल्या थडग्यापाशी लावायचा हे पानीबाईंनी सांगितलं नव्हतं, तेव्हा आईने सगळ्यात छोटं शोधलं. काडी तिसऱ्या वेळी पेटली. झाकण लावून आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो. मी फोटो काढून वॉर्साला पाठवला. वीसेक मिनिटांनी त्यांचा निरोप आला. आईला म्हटलं, भाषांतर करून दाखवते. ती म्हणाली, “जेंकुये लिहिलंय. तेवढं येतंय मला.”